परदेशस्थ रोगी आणि देशी वैद्य : सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोव्याचा एक अभ्यास

परदेशात दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या मनुष्याला ज्या अनेक अडचणी सोसाव्या लागतात, त्यांत आजारपणाची अडचण सर्वांत बिकट होय. परकी भाषा थोड्याफार श्रमाने शिकता येते, परके अन्न कालांतराने अंगवळणी पडते. परंतु ज्वराने अंथरुणाला खिळलेल्या परस्थाला आपला देह कोणाच्या हाती सोपवावा याचा निर्णय तेथल्या तेथे करावा लागतो. स्वदेशाहून आलेला वैद्य आपल्या भाषेत बोलतो, आपल्या शास्त्राप्रमाणे चिकित्सा करतो. पण त्याला त्या भूमीतील रोगांचा परिचय नसतो. त्या भूमीतील वैद्याला रोगाचा परिचय असतो. पण त्याचे शास्त्र, त्याचा धर्म आणि त्याची औषधे ही सर्व परकी असतात. या दोहोंतून निवड करताना मनुष्य कोणत्या गोष्टींना महत्त्व देतो, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच समाजाच्या इतिहासाचाही आहे.

पोर्तुगीज अमदानीतील गोवा हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे क्षेत्र आहे. तेथे युरोपीय लोकांची मोठी वस्ती दीर्घकाळ होती, त्यांच्यासाठी राजाश्रयाने चाललेले मोठे रुग्णालय होते, आणि त्याच नगरात परंपरेने वैद्यकी करणारे हिंदू वैद्यही होते. पोर्तुगीज लोक या वैद्यांना ‘पंडित’ म्हणत. राज्यसत्ता व धर्मसत्ता या दोहोंचा पंडितांना विरोध असूनही पोर्तुगीज रोगी त्यांच्याकडे गेले. ते का गेले, कोण जाऊ शकले आणि कोणाला जाता आले नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. राजाचे रुग्णालय

इ. स. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकले आणि त्याच सुमारास तेथील राजकीय रुग्णालयाचा पाया घातला गेला. त्याची निकड उघड होती. लिस्बनहून निघालेल्या जहाजांना गोव्यास पोहोचण्यास सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. ताजे अन्न न मिळाल्यामुळे खलाशी व शिपाई यांच्या हिरड्या सुजत, अंगावर डाग उठत, आणि बंदरात उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना उचलूनच न्यावे लागे. जे या प्रवासातून तगत, त्यांना पुढे गोव्यातील हिवताप, आमांश आणि पटकी यांच्याशी सामना करावा लागे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयाची व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे सोपविण्यात आली आणि त्यांच्या देखरेखीखाली त्याची कीर्ती दूरवर पसरली.

पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत या रुग्णालयात दाखल झाला. त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. इतके उत्तम रुग्णालय जगात दुसरे नसावे असे त्याचे मत झाले. स्वच्छ बिछाने, चांदीची भांडी, रोग्यांना मिळणारे कोंबडीचे जेवण आणि वैद्य, शस्त्रवैद्य व रक्त काढणारे न्हावी यांच्या नियमित फेऱ्या या सर्वांची नोंद त्याने केली आहे. कधीकधी तेथे पंधराशेपर्यंत रोगी असत असे तो सांगतो. हे रुग्णालय पोर्तुगीज व इतर युरोपीय पुरुषांसाठी, मुख्यतः शिपायांसाठी होते. देशी ख्रिस्ती लोकांची सोय निराळ्या ठिकाणी केलेली होती.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही तितकीच विचारात घेतली पाहिजे. पिरारच्या आधी वीस-पंचवीस वर्षे गोव्यात राहिलेला डच लेखक लिन्शोटेन सांगतो की, दरवर्षी पाचशेहून अधिक माणसे या रुग्णालयात जिवंत प्रवेश करीत आणि मेल्यावाचून बाहेर पडत नसत. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत येथे सुमारे २५,००० शिपाई मृत्यू पावले असा एक अंदाज पोर्तुगीज साम्राज्याच्या इतिहासकारांनी उद्धृत केला आहे. लिस्बनहून दरसाल येणाऱ्या माणसांची मर्यादित संख्या ध्यानात घेता हा आकडा भयंकर आहे. शुश्रूषा उत्तम आणि मृत्युसंख्या प्रचंड, असा हा विरोध आहे. त्याचे कारण शुश्रूषेत नसून रोगाच्या ज्ञानात व चिकित्सेच्या पद्धतीत शोधावे लागते. गालेनच्या परंपरेत शिकलेले वैद्य ज्वरात वारंवार रक्त काढीत. दीर्घ प्रवासाने आधीच क्षीण झालेल्या देहाला हा उपचार झेपणे कठीण होते. शिवाय गोव्यातील पोर्तुगीज पदांवरील नेमणुका सामान्यतः तीन वर्षांच्या असत. त्यामुळे स्वदेशाहून आलेल्या वैद्याला येथील रोगांची थोडीफार ओळख पटते न पटते तोच त्याची परतण्याची वेळ येई.

२. गार्सिया द ऑर्ताची साक्ष

या सामान्य नियमाला मोठा अपवाद म्हणजे गार्सिया द ऑर्ता हा होय. तो १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ मध्ये मरण पावेपर्यंत येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याने चिकित्सा केली; रोगांची अरबी नावे आपण त्या सुलतानाकडून शिकलो आणि लॅटिन नावे त्याला शिकविली, असे तो लिहितो. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतातील वनस्पती व औषधे यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला.

ऑर्ताच्या ग्रंथाचे महत्त्व केवळ वनस्पतींच्या माहितीपुरते नाही. युरोपात शिकलेला एक वैद्य परदेशात राहून आपल्या ज्ञानाची फेरतपासणी कशी करतो, हे त्यात पदोपदी दिसते. आपण प्रथम स्वतःच्या शास्त्रातील औषधे देतो, आणि त्यांनी गुण आला नाही तर देशी वैद्यांच्या उपायांकडे वळतो, अशी त्याची भूमिका आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य त्याच्या संवादांत बोलताना आढळतो, आणि घरातील आंतोनिया ही दासी हवी ती वनस्पती आणून पुढे ठेवते. म्हणजे ऑर्ताच्या ज्ञानाचा एक मार्ग पंडितांच्या शास्त्रातून येत होता आणि दुसरा घरातील स्वयंपाकघरातून व अंगणातून येत होता.

पटकीवरील त्याचा संवाद या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. या रोगाला देशी लोक जे नाव देत ते त्याने नोंदवून ठेवले आहे. ते आपल्या परिचयाच्या ‘मोडशी’ या शब्दाचेच रूप होय. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, आणि पुढे फ्रेंच लेखकांनी त्याला आपल्या भाषेतील ‘कुत्र्याचे मरण’ या अर्थाच्या शब्दांचे रूप दिले. कोकणी-मराठी शब्द युरोपीय भाषांत शिरला तो व्यापाराच्या वाटेने नव्हे, रोगशय्येच्या वाटेने, ही गोष्ट भाषाभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. या रोगावर देशी वैद्य मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देत आणि पायाला डाग देत, असे ऑर्ता सांगतो. टाचेला तापलेल्या लोखंडाने डागण्याचा हा उपाय पुढे शतकभराने देलाँ या फ्रेंच वैद्यानेही नोंदविला आहे. डागण्याने गुण येत असेल असे आज कोणी म्हणणार नाही. पेजेची गोष्ट मात्र वेगळी आहे. पटकीत मनुष्य दगावतो तो देहातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, आणि तांदळाच्या पिठापासून केलेले क्षारयुक्त पेय या स्थितीत उपयुक्त ठरते, हे विसाव्या शतकातील वैद्यकाने प्रयोगांनी दाखविले. त्या काळच्या पंडिताला त्याची कारणमीमांसा ठाऊक नव्हती. परंतु रक्त काढण्यापेक्षा पेज पाजणे रोग्याच्या हिताचे होते, यात शंका नाही. आमांशावर ऑर्ताने सांगितलेली मलबारी वनस्पती म्हणजे आपला कुडा होय असे अभ्यासकांनी ठरविले आहे. कुड्याच्या सालीचा हा उपयोग महाराष्ट्रात आजही परिचित आहे.

३. निर्बंध आणि व्यवहार

देशी वैद्यांचा हा वाढता प्रभाव धर्माधिकाऱ्यांना मानवणारा नव्हता. गोव्यात धर्मन्यायपीठाची स्थापना १५६० साली झाली. १५६७ मध्ये भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी अन्यधर्मीय वैद्यांची चिकित्सा घेऊ नये असा निर्बंध घातला. यामागील भीती समजण्यासारखी आहे. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या वैद्याचा त्याच्या मनावर फार मोठा प्रभाव असतो, आणि औषधाबरोबर मंत्र, नवस व ताईत हेही घरात शिरतील असे पाद्र्यांना वाटत होते. स्वतः ऑर्ताचे कूळ ज्यू धर्मातून ख्रिस्ती धर्मात आलेले होते. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्याने परदेशस्थ पोर्तुगिजांना या भूमीतील औषधांची ओळख करून दिली, त्याचीच ही गत झाली.

असे असूनही निर्बंध व्यवहारात उतरला नाही. याविषयी लिन्शोटेनची साक्ष निर्णायक मानावी लागते. कारण १५८३ पासून गोव्यात असताना तो खुद्द आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. तो लिहितो की, गोव्यातील हिंदू वैद्य केवळ आपल्या लोकांनाच नव्हे, तर पोर्तुगिजांनाही औषध देतात. किंबहुना व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील साधू यांचा स्वदेशीय वैद्यांपेक्षा या वैद्यांवरच अधिक विश्वास आहे. या वैद्यांना पैसा व मान दोन्ही भरपूर मिळत. ते डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जात. हा मान अन्य हिंदूंपैकी केवळ वकिलांना व काही धनिक व्यापाऱ्यांना मिळत असे. परिषदेच्या निर्बंधानंतर वीस वर्षेही लोटली नव्हती, आणि निर्बंध घालणाऱ्या पीठाचा अधिपतीच पंडितांवर भरवसा ठेवीत होता.

पुढे सत्तेनेही हे वास्तव मान्य केले. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसपर्यंत मर्यादित केली आणि मुख्य वैद्याधिकाऱ्यापुढे परीक्षा दिल्यावाचून कोणी चिकित्सा करू नये असा नियम केला. वरवर पाहता हा आणखी एक निर्बंध वाटतो. परंतु ज्याची संख्या ठरवून दिली जाते आणि ज्याला परवाना दिला जातो, तो व्यवसाय कायद्याने मान्य झालेला असतो. १५६७ चा निर्बंध आणि १६१८ चा नियम यांची तुलना केली, तर पन्नास वर्षांत रोग्यांच्या वर्तनाने कायद्याला कसे वाकविले ते स्पष्ट होते.

देवाणघेवाण रुग्णालयाच्या आतही पोहोचली होती. सतराव्या शतकाच्या मध्यास गोव्यास आलेला ताव्हेर्निये रुग्णालयाला उतरती कळा लागल्याचे सांगतो. आणि वारंवार रक्त काढल्यामुळे पांढरे पडलेले युरोपीय रोगी पुन्हा अंगाला वर्ण यावा म्हणून काही दिवस गोमूत्र पितात, हा उपाय त्यांनी देशी लोकांपासून घेतला आहे, अशी नोंद करतो. उपचार युरोपीय आणि त्याच्या दुष्परिणामांवरचा उतारा देशी, असे हे मिश्रण धर्मन्यायपीठाच्या नगरातच चालू होते.

४. निवड कोणाच्या हाती होती?

आतापर्यंतच्या विवेचनावरून गोव्यातील सर्वच पोर्तुगीज देशी वैद्यांकडे जात असावेत असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. लिन्शोटेनने ज्यांची नावे घेतली ती माणसे उच्चपदस्थ होती. त्यांना वैद्य घरी बोलाविता येत होता, त्याचे शुल्क देता येत होते, आणि निर्बंधाची त्यांना फारशी भीती नव्हती. दुसरा वर्ग येथेच संसार थाटलेल्या पोर्तुगिजांचा होता. आल्बुकेर्कने प्रारंभापासूनच आपल्या लोकांना देशी स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले होते. अशा घरांत भाषेची अडचण नव्हती. घरातील स्त्रिया व दासी यांना कोणत्या दुखण्यावर कोणती मुळी उगाळावी आणि कोणता पाला वाटावा हे ठाऊक होते. पंडिताचे पाऊल घरात पडण्यापूर्वी त्याचे अर्धे औषध तेथे पोहोचलेले असे, असे अनुमान ऑर्ताच्या आंतोनियाकडे पाहून काढता येते.

तिसरा वर्ग नव्याने आलेल्या शिपायांचा. त्यांना घर नव्हते, येथे नातलग नव्हते, पदरी पैसा नव्हता आणि देशी भाषा अवगत नव्हती. त्यांच्यापुढे एकच दार उघडे होते, ते राजाच्या रुग्णालयाचे. चांदीच्या भांड्यांत अन्न मिळणारे आणि वारंवार शीर उघडली जाणारे ते ठिकाण त्यांनी निवडले नव्हते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उच्चपदस्थ लोक अधिक प्रमाणात वाचले असतील, तर त्याचे सर्व श्रेय पंडितांना देता येणार नाही; चांगले अन्न, स्वच्छ निवास आणि हवापाण्याची सवय ही कारणेही तितकीच बलवत्तर होती. परंतु मुद्दा चिकित्सेच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा नाही. परदेशस्थ समाजात उपचार निवडण्याची मोकळीक ही संपत्ती, कौटुंबिक संबंध व भाषा यांवर अवलंबून असते, आणि जे सर्वांत नवे व सर्वांत दुर्बल त्यांनाच ती नसते, ही गोष्ट गोव्याच्या उदाहरणावरून सिद्ध होते. त्या पंचवीस हजारांचा इतिहास लिहिताना त्यांच्या रोगांइतकाच त्यांच्या या एकाकीपणाचाही विचार केला पाहिजे.

५. अंगमर्दन : देहाच्या शुश्रूषेचा दुसरा मार्ग

औषधांखेरीज परदेशस्थांनी देशी लोकांकडून आणखी एक उपचार घेतला. अंग रगडणे, चेपणे व चोळणे हा तो उपचार होय. त्याचे उल्लेख गोव्याबाहेरील इंग्रजांच्या लेखनात ठळकपणे आढळतात. सर टॉमस रो याच्या वकिलातीबरोबर असलेला पाद्री एडवर्ड टेरी याने मोगल मुलखातील न्हावी लोकांचे हातपाय हलक्या हाताने दाबून व थोपटून देतात असे वर्णन केले आहे. व्यायामाच्या ऐवजी रक्ताला चलन मिळावे हा त्याचा हेतू असून उष्ण प्रदेशात त्याची मोठी चहा आहे, असे तो म्हणतो. अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबईस आलेला ग्रोज यानेही या क्रियेची माहिती आपल्या वाचकांना मुद्दाम दिली. मात्र तिचे मूळ त्याने चीन देशात कल्पिले. ‘चाँपना’ या हिंदी धातूवरून इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द आला. आपण पाय ‘चेपतो’ ते याच अर्थाने. प्रारंभी या इंग्रजी शब्दाचा अर्थ अंग रगडणे एवढाच होता. केस धुणे हा अर्थ मागाहून आला.

या उपचाराचा पुढील इतिहास उलट दिशेचा आहे. मद्रासेकडे कंपनीच्या नोकरीत राहून स्वदेशी परतलेल्या बेसिल कॉक्रेनने लंडनमध्ये बाष्पस्नानाची व्यवस्था केली. तेथे पाटण्याचा दीन महंमद कामास होता. पुढे याच दीन महंमदाने ब्रायटन येथे स्वतंत्र स्नानगृह काढले, वाफ व मर्दन यांच्या योगाने सांधेदुखी, आखडलेले अवयव इत्यादींवर उपचार केले, १८२२ मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि चौथ्या जॉर्ज राजाचा मर्दनवैद्य म्हणून मान मिळविला. परदेशात लागलेली देहाची सवय मनुष्य मायदेशी बरोबर नेतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. धर्मपरिषदांना औषध धोक्याचे वाटले. मर्दनाविषयी तसा संशय उत्पन्न झालेला दिसत नाही. त्यात शास्त्राचा दावा नव्हता आणि ते करणारा न्हावी विद्वान म्हणून पुढे येत नव्हता, हे त्याचे कारण असावे.

६. पंडितांची स्वतःची साक्ष

आतापर्यंत उपयोगात आणलेली सर्व साधने परदेशस्थ रोग्यांच्या व प्रवाशांच्या लेखणीतून उतरलेली आहेत. त्यांत पंडित दिसतो, पण तो स्वतः क्वचितच बोलतो. म्हणून कोचीनच्या डच वसाहतीतील एका दस्तऐवजाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. डचांनाही हीच अडचण होती. युरोपातून पाठविलेली औषधे समुद्रप्रवासात निकामी होत. कोचीनचा अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. मलबारी वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी त्यासाठी साहाय्य केले. पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या समाजातील हे लोक होते. १६७५ साली त्यांनी दिलेले प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत व नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. त्यात आपण निघंटूच्या आधारे वनस्पतींचे गुण सांगितल्याचे ते नमूद करतात. ज्या परंपरेला गोव्याच्या धर्मपरिषदेने वर्ज्य ठरविले होते, तिच्याच वारसांनी शंभराहून अधिक वर्षांनी दुसऱ्या एका युरोपीय सत्तेच्या ग्रंथाला आपल्या अक्षरात साक्ष दिली.

७. उपसंहार

एकोणिसाव्या शतकात हा संबंध पालटला. इंग्रजांची सत्ता स्थिरावल्यावर परदेशस्थ अधिकाऱ्याला देशी वैद्याची गरज भासेनाशी झाली. आता रोगाचे मूळ उष्ण हवेत मानले जाऊ लागले आणि आरोग्यासाठी माणसाऐवजी स्थळ शोधले जाऊ लागले. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर येथे आरोग्यस्थान वसविले गेले ते याच विचाराने. गोव्यातही १८४२ मध्ये वैद्यकशाळा निघाली आणि तिच्यात शिकलेले गोमंतकीय पुढे आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत वैद्य म्हणून गेले. ज्या भूमीत परस्थांनी वैद्य शोधले, तेथील वैद्य आता स्वतः परस्थ झाले.

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, परदेशस्थ रोग्याचा विश्वास शास्त्राच्या उगमापेक्षा अनुभवावर बसतो, आणि तो बसला की निर्बंध त्याला रोखू शकत नाहीत. दोन, हा विश्वास कृतीत आणण्याची संधी सर्वांना सारखी नसते. ज्याला घर, भाषा आणि परिचय आहे त्यालाच ती मिळते. तीन, अशा संबंधातून दोन्ही बाजूंच्या ज्ञानात भर पडते. परंतु तिची नोंद बहुधा एकाच बाजूच्या नावावर होते. ऑर्ताचे आणि व्हान रेडेचे नाव ग्रंथांच्या मुखपृष्ठावर आहे. मालुपा संवादातील एका पात्रापुरता उरला आहे, आणि आंतोनियाचे तर पूर्ण नावही लिहून ठेवलेले नाही. पोर्तुगीज भाषेतील व मोडी लिपीतील असे दोन्ही कागद वाचू शकणाऱ्या तरुण अभ्यासकांनी गोव्यातील नगरसभेचे व रुग्णालयाचे दप्तर या दृष्टीने पाहण्याचे काम हाती घेतल्यास, या विसरलेल्या वैद्यांपैकी काहींना तरी त्यांचे स्थान परत मिळू शकेल.